हवेलीतले भूत आणि सुप्याचे रोखे

हिंदी भयपटातली हवेली आपल्याला पाठ आहे. करकरणारा दरवाजा, जाळी धरलेले झुंबर, भिंतीवर कुणा ठाकुराची तसबीर आणि हातात कंदील घेतलेला एक म्हातारा नोकर. ऐंशीच्या दशकात इंदापुरात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहायची पद्धत होती. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) मी असाच मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर सतरंजीवर बसून पाहिला. पोरे सामरीला घाबरत होती. माझे लक्ष मात्र त्या प्रकारच्या सिनेमातल्या म्हाताऱ्या नोकराकडे जाई. हवेलीचा सगळा इतिहास त्यालाच ठाऊक असतो. मालक शहरातून नवा आलेला असतो, पाहुणे वाट चुकलेले असतात. हा मात्र चाळीस वर्षे तिथेच राहतो आणि भूत त्याला काही करत नाही. त्याला पगार कोण देतो, हे कुठल्याही सिनेमात सांगत नाहीत.

या सगळ्या हवेल्यांची आई म्हणजे कमाल अमरोहींचा 'महल'. १९४९ साली बॉम्बे टॉकीजने तो काढला. अशोक कुमार, मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचे संगीत, जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा कॅमेरा, आणि संकलक बिमल रॉय. अलाहाबादजवळ यमुनेच्या काठी 'संगम भवन' नावाची ओस हवेली. तिच्यात हरिशंकर हा नवा मालक राहायला येतो, भिंतीवरच्या जुन्या मालकाच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो आणि रात्री एक बाई गात फिरू लागते. तिचे नाव कामिनी, चाळीस वर्षांपूर्वी मेलेली. शेवटी कोर्टात कळते की भूतबित काही नव्हते. ती माळ्याची पोरगी आशा होती. बंद हवेलीत ती वाढली, तिथल्या मेलेल्या मालकिणीची गोष्ट ऐकत मोठी झाली आणि त्या गोष्टीत शिरून बसली. त्या गाण्याने लता मंगेशकर घरोघरी पोहोचल्या, पण सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिकेचे नाव 'कामिनी' असेच छापलेले होते. पडद्यावर माळ्याच्या मुलीने मालकिणीचे नाव घेतले, तबकडीवर गाणारीनेही तेच घेतले.

'महल' आला त्याच वर्षी, ऑक्टोबरात, केंद्र सरकारने देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेबद्दल वटहुकूम काढला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. 'कस्टोडियन' हा शब्द उत्तरेतल्या मुस्लिम घरांत तेव्हापासून दबक्या आवाजात बोलला जाऊ लागला. अमरोहींच्या सिनेमात फाळणीचा उल्लेख नाही. पण उत्तर प्रदेशातली ओस हवेली, नवा मालक, आणि जुन्या मालकाची भिंतीवर राहून गेलेली तसबीर हे १९४९च्या प्रेक्षकाला नुसते भुताटकीचे वाटले असेल, असे मला वाटत नाही. आपल्याकडेही त्याच्या आदल्या वर्षी गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये तो काळ आला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडे मुसलमानांची घरे ओस पडली. पंडित सुंदरलाल समितीने तिथे जाऊन पाहणी केली, पण तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. दोन्हीकडची पडकी घरे पुढच्या पिढीला एकाच शब्दात सांगितली गेली. माझी दादी म्हणायची, "उधर नक्को जाव, वहाँ असर हय." कसला असर, हे विचारले की ती विषय बदलायची.

आमच्या बारामती-इंदापूरच्या वाड्यांवर कसला असर आहे, हे शोधायला मात्र भगत लागत नाही. कागद भरपूर आहेत.

आधी शब्दाचे पाहू. 'हवेली' म्हटले की आपल्याला ठाकुराचा महाल दिसतो, पण पुण्याच्या माणसाला हवेली म्हणजे तालुका. सुलतानी आणि मोगली महसुलात मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत. म्हणजे आपल्याकडे हवेली हा घराच्या आधी वसुलीचा शब्द होता, आणि पुढची सगळी गोष्ट वसुलीचीच आहे.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. नाईक जोशी हे सावकार घराणे. बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई दिलेली, म्हणजे पहिले बाजीराव मेहुणे, आणि तेच मोठे देणेकरीही. १७४० साली बाजीराव वारले तेव्हा पेशवाई बाबूजी नाइकांना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपट केली. शाहू महाराजांनी ती नानासाहेबांना दिली. सावकारीच्या जोरावर माणूस पेशवाईच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला होता. याच घराण्याच्या आश्रयाने पन्हाळ्याचे मोरोपंत बारामतीत आले आणि १७९४ साली इथेच वारले. 'आर्याभारत', 'केकावली', एकशे आठ रामायणे या गावात लिहिली गेली. बारामतीकर वाडा दाखवताना मोरोपंतांचे नाव आधी घेतात. ते बरोबरच आहे. पण पंतांना जो आश्रय मिळाला तो व्याजातून आला होता, हेही त्याच श्वासात सांगायला हरकत नसावी.

अशा वाड्यांत आमचे लोक कुठे होते? आमच्या आडनावांत पाहा. फरास, म्हणजे बिछायत घालणारे. शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. आतार, बागवान, तांबोळी, नगारजी, जमादार. वाड्याचा दिवाणखाना कसा सजायचा आणि देवडीवर रात्री कोण जागायचे, हे या आडनावांना ठाऊक. वाडे गेले, आडनावे राहिली. 'महल'मधली माळ्याची आशा मला म्हणूनच परकी वाटत नाही. घराची मालकी एकाची आणि घराची सगळी माहिती दुसऱ्याची, ही आमच्या गल्लीतली रोजची गोष्ट आहे.

आता 'तुंबाड'. २०१८च्या ऑक्टोबरात हा सिनेमा आला आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यातला वाडा खरा आहे, सासवडच्या सरदार पुरंदऱ्यांचा. सासवड कऱ्हेवर आहे. तीच कऱ्हा खाली बारामतीला नाइकांच्या वाड्याला लागून वाहते, पुढे नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपुरात भीमेत जाते. अमरोहींना संगमासाठी अलाहाबाद लागले, आमच्याकडे घरचा आहे.

'तुंबाड'मधला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोने आणि धान्य दोन्ही हवे होते. सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो कायमचा भुकेला आहे आणि कणकेच्या बाहुलीला भुलतो. बहुतेकांनी या सिनेमावर लोभाची गोष्ट म्हणून लिहिले आहे. मला त्यातली कणीक जास्त खरी वाटते. आपल्या जुन्या वाड्यांत भिंतीत बळद असे आणि जमिनीत पेव. पडके वाडे गुप्तधनासाठी खणणाऱ्या लोकांना हे कुणी सांगत नाही की तिथे हंड्यात मोहरा क्वचितच असत, ज्वारी मात्र असे. दुष्काळी मुलखात ज्याच्या बळदात दाणा त्याच्या ओसरीला गाव. सोन्याची गोष्ट सांगायला रंगतदार, म्हणून भूत सोन्यावर बसवले.

आणि दाण्याच्या बदल्यात काय ठेवून घेत? कागद. इथे सुप्याची हकीकत सांगायलाच हवी.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा. १८७५ साली तो भीमथडी तालुक्यात होता. त्याआधीची चाळीस वर्षे थोडक्यात अशी. इंग्रजांनी दख्खनच्या जमीनमोजणीचे प्रयोग याच पट्ट्यात केले. प्रिंगलसाहेबाची पहिली आकारणी इतकी जड झाली की इंदापुरात रयत जमिनी टाकून शेजारच्या मुलखांत निघून गेली. मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरला. मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा पाया इंदापुरात घातला गेला, हे आमच्या शाळेत कुणी सांगितले नाही. ती मुदत १८६६-६७ला संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला होता. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. यादवी १८६५ला संपली, भाव कोसळला, नेमका त्याच सुमारास सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडला. रोख्यावर अंगठा उठवलेल्या माणसाला त्यावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. कोर्टाला मात्र येत होते.

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतली रयत सुप्यात जमली आणि मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेली. त्यांना रोखे, गहाणखते, वह्या हव्या होत्या. त्या रस्त्यावर आणून जाळल्या. लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर, नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. सरकारने पलटण आणली, शेकडो लोक धरले, चौकशीला आयोग नेमला. आयोगाला जे दिसले ते आजही वाचण्यासारखे आहे. लोकांचा रोख कागदांवर होता. जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले, तिथे त्याला सहसा हात लागला नाही. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबतचा कायदा झाला. पण त्याआधी १८७६-७७चा दुष्काळ येऊन गेला होता.

सुप्याचा हा दिवस सिनेमात घेतला तर तो भयपट होईल की आणखी काही, कोण जाणे. सावकाराच्या घरातल्या बाईला तो भयपटच वाटला असणार. दाराबाहेर जमाव, हातात पलिते. तिचाही विचार मनात येतो. आगीत घर कुणाचेही असो, आतली पोरे सारखीच रडतात.

इंदापुरात तर वाड्याच्याही आधीची गढी आहे, मालोजीराजांची. शिवाजी महाराजांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, असे 'शिवभारत' सांगते. नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने मुले झाली म्हणून मालोजींनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हेही त्यातच आहे. गढीच्या बुरुजांची माती पावसागणिक ढासळत गेली. सिनेमाच्या हिशेबाने पछाडायला यापेक्षा चांगली जागा नाही. राजा लढाईत पडला, तट फुटला, वर चिंचा-बोरी माजल्या. तरीही मी लहानपणापासून गढीच्या भुताची एकही गोष्ट ऐकलेली नाही. कारण त्याच परिसरात चांदशहावली बाबांचा दर्गा आहे. तिथे गुरुवारी गर्दी असते, उरुसाला सगळे गाव असते, नारळ आणि चादर एकाच टोपलीत असतात. जिथे रोज कुणीतरी झाडून काढते तिथे भूत टिकत नाही, असे दादीच म्हणायची. अलीकडे गढीचे आणि दर्ग्याचे इतिहास वेगळे वेगळे सांगायची हौस काहींना आली आहे. ज्यांना ती आली आहे त्यांनी शरीफजीचे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे.

बाकीचे वाडे कशाने पडले? १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक ठरला, कुलकर्णी-पाटलांची वतने गेली. बळद भरायला दाणा येईना. मुले पुण्या-मुंबईला गेली. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वीस-वीस वारस लागले आणि तुळई बदलायची कुणी यावर निकाल होईपर्यंत तुळई खाली आली. 'तुंबाड'मध्येही स्वातंत्र्यानंतर सरकार वाड्यावर हक्क सांगायला येते, तिथे तो सिनेमा आमच्या तलाठी कचेरीच्या सर्वांत जवळ आहे.

ओस घरे पाहायचीच असतील तर मे महिन्यात उजनीच्या काठी जा. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमाकाठची आमच्या तालुक्यातली जुनी गावे पाण्याखाली गेली. पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ बाहेर येते, मग हळूहळू घरांची जोती. फोटो काढायला पुण्याहून गाड्या येतात. त्यांच्याबरोबर धोतरातली दोन-चार म्हातारी माणसेही असतात, नातवाचा हात धरून चिखलातून चालत. ती एका जोत्यापाशी थांबतात आणि पोराला दाखवतात, इथे चूल होती, इथे बळद, आणि इथून दारातून नदी दिसायची.