निळं फूल नागपुरात गुलाबी का होतं?

महाबळेश्वरच्या फोटोंमध्ये हायड्रेंजियाचे निळेशार गेंद दिसतात. तेच रोप नागपुरात आणून परसातल्या काळ्या मातीत लावलं, की पुढच्या बहरात फुलं गुलाबी येतात. तीही रोपाने उन्हाळा निभावला तर. नर्सरीवाल्याने फसवलेलं नसतं. ही करामत मातीची.

या फुलाला मराठी नाव नाही, कारण ते आपल्याकडे फार उशिरा आलं. ग्रीक नावाचा अर्थ पाण्याचं भांडं. रोप तहानलेलं म्हणून नव्हे, तर त्याचं इवलं बोंड घड्यासारखं दिसतं म्हणून! हे नाव पडलं ते अमेरिकेतल्या एका जातीवरून. बागेतली लाडकी जात मात्र जपानची. 1789 साली जोसेफ बँक्स यांच्यामार्फत ती चीनमधून लंडनच्या क्यू बागेत पोचली. पुढे 1823 मध्ये झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत नागासाकीला आला. तिथे ताकी नावाच्या स्त्रीबरोबर त्याचा संसार झाला, मुलगी झाली. निषिद्ध नकाशे जवळ सापडले म्हणून त्याला देशाबाहेर काढलं आणि मायलेकी मागेच राहिल्या. युरोपात परतल्यावर त्याने एका हायड्रेंजियाला ‘ओताक्सा’ नाव दिलं. ओताकी-सान म्हणजे ताकीबाई, त्यावरून. ती मुलगी, इने, पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली. मला फुलाच्या नावापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

योगायोग असा की त्याच 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. पाच-सहा वर्षांत महाबळेश्वरही वसू लागलं. साहेबाला डोंगरावर बंगला हवा होता आणि बंगल्याभोवती विलायतेची आठवण करून देणारी बाग. हायड्रेंजियाला असलीच हवा मानवते. नागपूरची तऱ्हा वेगळी. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये शहर मध्य प्रांताची राजधानी झालं, भोसल्यांची महाराजबाग सरकारकडे गेली. पण उन्हाळा लागला की सरकारच पचमढीला जायचं. साहेब जिथे टिकत नव्हता तिथे त्याचं फूल कसं टिकणार? 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश नोंदले गेले, यावरून काय ते समजा.

आता रंगाचं. महाबळेश्वर आणि नागपूरच्या काळ्या मातीचा मूळ खडक एकच: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाखो वर्षांच्या त्या पावसाने खडकातला चुना धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तोच तांबडा जांभा. नागपुरात पाऊस अकराशेच्या आसपास, त्यामुळे चुना मातीतच राहिला. शेतात चुनखडीचे पांढरे खडे दिसतात ते हेच, आणि संत्र्याची पानं पिवळी पडतात त्यातही या चुन्याचा हात असतो. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांतून पाकळ्यांत जातं आणि तिथल्या रंगद्रव्याशी जोडी जमवून निळं होतं. चुनखडीच्या मातीत ते अडकून पडतं. ॲल्युमिनियम नाही, तर तेच रंगद्रव्य गुलाबी. पांढऱ्या जाती मात्र कुठेही पांढऱ्याच.

नागपुरात निळं हवंच असेल तर काळी माती विसरा. कुंडी घ्या, त्यात कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरा. न्हाव्याकडे असते ती तुरटी ॲल्युमिनियमचीच: अर्धा-पाऊण चमचा पूड लिटरभर पाण्यात विरघळवून, कळ्या दिसण्याआधी काही आठवडे, दहा-पंधरा दिवसांनी एकदा द्या. बोअरचं पाणी शक्यतो टाळा, त्यातून चुना पुन्हा कुंडीत येतो. सकाळचं ऊन नऊपर्यंत पुरे. त्यानंतर सावली, आणि मार्चपासून हिरवी जाळी. मे महिन्यात दुपारी पानं मान टाकतात. लगेच पाण्याचा मारा करू नका, कुंडीत बोट घालून ओल बघा. संध्याकाळी बहुतेकदा ती आपोआप सावरतात.

छाटणीची वेळही सांभाळा. पुढच्या बहराच्या कळ्या थंडीतल्या गार रात्रींत जुन्या फांद्यांच्या शेंड्यांत धरतात. डिसेंबर-जानेवारीत कात्री चालवली तर वर्षभर नुसती पानं बघावी लागतात. फुलं सुकली की लगेच, पावसाळ्याच्या तोंडाशी, छाटणी करून घ्यायची.