पासिंगचा दिवस : पद्मिनी खरोखर मजबूत होती का?

#थ्रेड 🧵

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. पद्मिनी टॅक्सीची ती शेवटची नोंद. बरोबर वीस वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे हद्दपार झाली.

जुन्या मोटारींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तेव्हाच्या गाड्या मजबूत होत्या, दशकानुदशके चालायच्या.’ पद्मिनी दीर्घायुषी होती, हे खरे. पण त्या आयुष्याचे श्रेय पोलादाला द्यायचे की आणखी कुणाला, हा या थ्रेडचा विषय आहे.

प्रारंभ कुर्ल्यात. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लायमाउथ गाड्या तयार होत. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. मूळ फियाट ११०० ही १९५० च्या दशकातली गाडी. भारतात तिचे नाव बदलत गेले आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

आता त्या काळची बाजारपेठ पाहू. स्वतंत्र भारताने मोटारींच्या आयातीवर कठोर निर्बंध घातले. सुटे भाग आणून केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास गाशा गुंडाळला. फोर्ड आणि जनरल मोटर्स त्यांतल्याच. उरले मुख्यतः तीन उत्पादक : हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या, हेही परवान्याने ठरत असे. नवी गाडी हवी असणाऱ्याला पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, तोवर हे चित्र फारसे बदलले नव्हते.

अशा बाजारात जुनी गाडी मोडीत काढणे परवडत नाही. ती दुरुस्त होते. पुन्हा दुरुस्त होते.

आणि पद्मिनी तशी मुळीच निर्धास्त गाडी नव्हती. तिचे १०८९ सीसीचे इंजिन आजच्या मोटारीच्या मानाने फार लाडावलेले होते. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला की गाडी धक्के देई. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजत. त्यांतली फट बारीक पातीने मोजून पुन्हा बसवावी लागे. ती चुकली की ठिणगी अवेळी पडे आणि पेट्रोल वाया जाई. प्लग काढून घासायचे, टॅपेटची फट तपासायची, पंख्याचा पट्टा ताणायचा. थंड इंजिनात चोक ओढला की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरे आणि ते पातळ होई. म्हणून ऑइलही लवकर बदलावे लागे. आज ज्या मोटारी दहा-दहा हजार किलोमीटर गॅरेजचे तोंड पाहत नाहीत, त्यांच्याशी तुलना केली तर पद्मिनी जवळजवळ रोजची रुग्ण ठरेल.

बोरघाटात बॉनेट उघडून रेडिएटर निवण्याची वाट पाहणारी कुटुंबे हे मुंबई-पुणे प्रवासाचे नेहमीचे दृश्य होते. पाण्याची पातळी न पाहता निघालेल्याला घाट लगेच हिशेब मागे.

या गाडीचा खरा गुण वेगळा होता. ती उघडता येई. बॉनेटखाली हात घालायला जागा होती, यंत्ररचना डोळ्यांना दिसत होती. पान्यांचा एक संच, फट मोजायची पाती आणि अनुभवी कान एवढ्यावर बहुतेक काम भागे. इंजिन झिजून धूर सोडू लागले की मिस्त्री ते उतरवत, सिलिंडर बोअर करून किंचित मोठे पिस्टन बसवत आणि इंजिन ‘बांधून’ देत. त्यानंतर काही काळ गाडी हळू चालवायची, हा दंडक. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात मिळत. कधी नवे, कधी दुसऱ्या गाडीतून निघालेले. या मिस्त्रींचा इतिहास कारखान्याच्या कागदपत्रांत सापडत नाही, ही अभ्यासकांची मोठी अडचण आहे. त्यांनी हिशेबाच्या वह्याही क्वचितच जपल्या.

टॅक्सीचे प्रकरण खासगी गाडीहून कडक होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासूनच भाड्याने चालणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे आहे. चालकांच्या भाषेत याचे नाव ‘पासिंग’. पासिंग जवळ आले की गाडी गॅरेजात जाई. मुंबईच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने सडलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडला जाई, त्यावर पुट्टी, त्यावर काळा-पिवळा रंग. दिवे, हॉर्न, हँडब्रेक, मीटरचे सील, सारे पुन्हा जागेवर.

इथे एक पेच होता. टॅक्सी बहुधा दोन पाळ्यांत धावे आणि अनेकदा चालक वेगळा, मालक वेगळा. गॅरेजात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. त्यामुळे ज्या बिघाडाने गाडी थांबते, तो त्याच दिवशी दुरुस्त होई. ज्याने ती थांबत नाही, तो पासिंगपर्यंत ढकलला जाई. ब्रेक दुसऱ्या प्रकारात मोडतात. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. लायनर झिजला की पेडल थोडे अधिक खाली जाते, एवढेच. चालकाच्या पायाला त्याची सवय होते आणि गाडी चालूच राहते. दीर्घ आयुष्य आणि सुरक्षितता या दोन गोष्टी एकत्र उच्चारल्या जातात खऱ्या, पण टॅक्सीच्या अर्थशास्त्रात त्यांचे नेहमी पटत नसे. आरटीओतली रांग कितीही कंटाळवाणी असली तरी वर्षातून एकदा ब्रेककडे लक्ष जाण्याचे ते एक ठोस निमित्त होते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रदूषणाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळल्या. डिकीत सिलिंडर आला, सामान टपावरच्या कॅरियरवर गेले. देखभालीच्या यादीत नवी भर पडली : दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी. इटलीत आखलेली, पेट्रोलसाठी घडवलेली गाडी आता दुसऱ्याच इंधनावर धावत होती, अनेकदा दुसऱ्याच इंजिनासह आणि तिसऱ्याच गाडीच्या दरवाजासह.

अखेर तिला बिघाडाने संपवले नाही. २००८ साली टॅक्सींसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली गेली. पासिंग गाडीची अवस्था पाहत असे. वयोमर्यादा नोंदणीची तारीख पाहते. उत्तम राखलेली टॅक्सी आणि दुर्लक्षित टॅक्सी एकाच दिवशी बाद ठरू लागल्या. प्रदूषण आणि प्रवाशांची सुरक्षितता पाहता या नियमामागचे कारण समजण्याजोगे आहे. मात्र निगा राखणाऱ्या मालकाला त्यात काहीच सवलत नव्हती.

टॅक्सीची ही मर्यादा खासगी पद्मिनीला लागू नव्हती. १९८८ च्या कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. म्हणून एखादी पांढरी किंवा फिकट निळी पद्मिनी आजही रस्त्यावर दिसते. कारखान्यातले तिचे उत्पादन थांबूनही आता दोन दशके उलटली आहेत. तिला लागणारा एखादा भाग बाजारात सापडलाच, तर तो मोडीत निघालेल्या टॅक्सीतूनही आलेला असू शकतो.