चढावर बंद पडणारे इंजिन : बोरघाटाच्या पायथ्याची निदानविद्या

बोरघाटाचा इतिहास बहुतेक वेळा रस्ता आणि लोहमार्ग बांधणाऱ्यांच्या कर्तृत्वाच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्यांसाठी खुला झालेला रस्ता, १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचलेली आगगाडी आणि १८६३ साली पूर्ण झालेला घाटातील लोहमार्ग हे त्यातील ठरलेले टप्पे होत. पुढे मोटारी आल्यावर याच चढावर वाहने बंद पडू लागली आणि त्यांचा दोष शोधणाऱ्या कारागिरांचा एक धंदा खोपोली-खालापूर परिसरात रुजला. त्याची नोंद मात्र क्वचितच झाली. वास्तविक रस्त्याच्या इतिहासाइतकीच ही ज्ञानाची परंपराही महत्त्वाची आहे.

खोपोली ते खंडाळा या थोड्या अंतरात वाहनाला सुमारे पाचशे मीटर उंची गाठावी लागते. खालच्या गिअरमध्ये, मंद वेगाने आणि पूर्ण भाराने चढताना इंजिनाची उष्णता वाढते, पण समोरून येणारा वारा कमी मिळतो. शिवाय वाहन मागे कललेले असल्याने टाकीतील इंधनही एका बाजूला सरकते. त्यामुळे पनवेल-चौकच्या सपाटीवर लपून राहणारा दोष येथे हमखास उघडा पडतो. कायमचा बिघाड शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो तपासणीच्या वेळी हजर असतो. मध्येच बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारे इंजिन मात्र गॅरेजमध्ये निर्दोष भासते, आणि म्हणूनच मिस्त्रीची खरी कसोटी तेथे लागते.

पहिला काळ पेट्रोलच्या वाहनांचा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी जुळणी सुरू केलेल्या विलीज जीप आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज व फार्गो ट्रक यांच्या इंजिनांत, पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर असे. इंजिनाच्या धगीने नळीतील पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली की पंप द्रव पुढे ढकलू शकत नसे व गाडी थांबे. पंपावर ओले फडके ठेवल्यावर ती सुरू झाली, तर दोष इंधनात आहे असे ठरे. ठिणगीसाठी लागणारा उच्च विद्युतदाब निर्माण करणारी कॉइल आणि तिच्या जोडीचा कंडेन्सर हे भागही तापल्यावर निकामी होत व थंडावल्यावर पूर्ववत चालत. म्हणून गाडी बंद पडताक्षणीच ठिणगी आहे की नाही हे पाहणे आवश्यक होते; अर्ध्या तासाने पाहिलेल्या ठिणगीला पुरावा म्हणून काहीच किंमत नव्हती.

१९५४ साली टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून भारतीय ट्रक बनू लागला आणि मालवाहतुकीत डिझेलचे पर्व सुरू झाले. त्यानंतर बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८६ साली टाटा ४०७ आणि १९८८ साली टाटामोबाइल ही पिकअप आल्यावर लहान मालवाहनेही डिझेलवर धावू लागली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, परंतु इंधनाच्या मार्गात शिरलेली हवा त्याला मुळीच चालत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते, त्यामुळे हवेचा बुडबुडा पंपाचा सारा जोर गिळतो आणि इंजेक्टर, म्हणजे इंधनाचा फवारा मारणारी तोटी, उघडतच नाही. गॅरेजच्या बोलीत या दोषाला गाडी ‘एअर घेते’ असे म्हणतात. टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधील नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, म्हणून तेथील बारीक भेगेतून, इंजिन चालू असताना, डिझेल बाहेर गळत नाही, तर हवा आत शिरते. ओलसर डागासारखी कोणतीही खूण न सोडणारा हा दोष वरवर पाहून सापडणे जवळजवळ अशक्य असते.

याच कारणाने चालकाला विचारायच्या प्रश्नांना निदानात मोठे स्थान मिळाले. टाकी भरलेली असताना गाडी बंद पडते की अर्धी असताना, हा त्यांतील अत्यंत मोलाचा प्रश्न. टाकीत उतरलेल्या नळीला मध्यावर चीर असेल तर भरल्या टाकीत ती डिझेलखाली झाकलेली राहते. टाकी अर्धी झाली आणि गाडी चढाला लागली की ती चीर उघडी पडून हवा ओढते. टाकीचे झाकण उघडताच हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे असे समजावे. गाळाचा तुकडा नळीच्या तोंडाशी चिकटून इंजिन बंद पडले, तर ओढ थांबताच तो पुन्हा तळाशी बसतो आणि गाडी सुरू होते. पावसाळी तालुक्यांत टाकीत पाणी शिरून गंज धरण्याची भीती असल्याने ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते. शंका पक्की करण्यासाठी टाकीचा संबंध तोडून वेगळ्या कॅनमधून डिझेल दिले जाते आणि पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात का ते पाहिले जाते. इंजेक्टरला दाबाने डिझेल पुरवणारा रोटरी पंप झिजलेला असेल, तर तो तापल्यावर पातळ झालेल्या डिझेलला दाब देऊ शकत नाही. त्यावर थंड पाणी ओतल्यावर इंजिन सुरू झाले तर निदान पंपाकडे वळते. मात्र डिझेल रोखणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची सैल तारही क्षणात इंजिन बंद पाडू शकते, त्यामुळे वीजजोडणी तपासल्याशिवाय महागडा पंप उघडणे हे वाईट मिस्त्रीचे लक्षण होय.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर या विद्येचे एक महत्त्वाचे साधन हिरावले गेले. जुन्या घाटात गाडी कडेला लावून, ती तापलेली असतानाच तपासणे शक्य होते; द्रुतगती मार्गावर बंद वाहन शक्य तितक्या लवकर हलवावे लागते आणि ते गॅरेजपर्यंत पोहोचेतो थंड होऊन दोष नाहीसा झालेला असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांनंतरच्या वाहनांत संगणक बिघाडाचे संकेतांक साठवतो व स्कॅनर ते वाचतो, हा निश्चितच मोठा लाभ आहे. तथापि क्रँकची गती मोजणारा सेन्सर तापल्यावर निकामी होतो की त्याची तार घासली गेली आहे, हे संकेतांक सांगत नाही आणि जुन्या यांत्रिक पिकअपमध्ये तर संकेतांकच नसतो.

अशी जुनी वाहने आता झपाट्याने भंगारात जात आहेत आणि ती जाणणारे मिस्त्रीही निवृत्त होत आहेत. त्यांच्या प्रश्नांची पद्धत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या शिक्षकांनी मिस्त्रींच्याच शब्दांत, मराठीत, आताच लिहून घ्यावी.