अंड्याच्या बलकावरचा आरोप: ससे, लोणी आणि शंभर वर्षे

१/ भुर्जी करताना वडीलधाऱ्यांसाठी पिवळा बलक बाजूला काढून केवळ पांढरा भाग शिजवण्याची रीत अनेक घरांत आढळते. या रीतीचा माग काढत गेल्यास आपण रशियातील एका प्रयोगशाळेत, सशांच्या पिंजऱ्यापाशी पोहोचतो.

२/ सन १९१३, सेंट पीटर्सबर्ग. निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्यॉन खालातोव्ह या तरुण संशोधकांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. सशांच्या रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचले.

३/ निरीक्षण अचूक होते. मात्र ससा शाकाहारी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. उंदरांवर असा प्रयोग केला असता तसा परिणाम दिसला नाही.

४/ पुढे हृदयविकाराने अमेरिका हादरली. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मर्यादा घातली: दिवसाला कोलेस्टेरॉल ३०० मिलिग्रॅमच्या आत, आठवड्याला बलक तीनच. एका मोठ्या अंड्यात ते सुमारे १८६ मिलिग्रॅम असते. मार्च १९८४ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनचे दुर्मुखलेले ओठ झळकले.

५/ दरम्यान संशोधन पुढे सरकले. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीरच तयार करते आणि रक्तातील त्याच्या पातळीवर संपृक्त मेदाचा प्रभाव अधिक पडतो. अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहार-मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली.

६/ आता कढईत डोकावू. एका अंड्यात संपृक्त मेद सुमारे दीड ग्रॅम. एक मोठा चमचा लोण्यात सुमारे सात ग्रॅम. शिक्षा बलकाला झाली, लोणी सुटले! अंड्यातील सहा ग्रॅम प्रथिनांपैकी अडीच ग्रॅमहून अधिक प्रथिने बलकातच असतात. कोलीन आणि ‘ड’ जीवनसत्त्वही तिथेच.

७/ म्हणून भुर्जी थोड्या तेलात, मंद आचेवर, कांदा-टोमॅटो घालून करावी. पण पूर्ण शिजवावी. १९९८ च्या बेल्जियममधील एका अभ्यासात शिजलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, कच्च्यातील ५१ टक्केच. शिजवल्याने साल्मोनेलाचा धोकाही टळतो. मधुमेह वा हृदयविकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही साधनाला पहिला प्रश्न विचारायचा असतो: हा पुरावा नेमका कोणाविषयी आहे? सशांविषयीचा पुरावा माणसांच्या ताटापर्यंत आला, तेव्हा हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही.