बंदुकीचा पट्टा : खांद्यावरची सोय आणि तिच्या मर्यादा

छर्ऱ्याच्या बंदुकीला जोडलेला चामड्याचा, कॅनव्हासचा किंवा नायलॉनचा पट्टा हे बंदूक वाहून नेण्याचे साधन आहे, ती ताब्यात ठेवण्याचे नव्हे. बंदूक हातात असते तेव्हा नळीचे तोंड कोठे वळावे हे धारक ठरवतो. ती खांद्याला लटकली की ते त्याच्या चालण्यावर, वाकण्यावर आणि वाटेतल्या फांद्यांवर ठरते. पट्ट्याच्या वापराचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

रचना

बारा बोअरच्या बंदुकीचे वजन साधारणपणे तीन ते साडेतीन किलो भरते. नळी २८ ते ३० इंचांची असली, तर कुंद्यासह एकूण लांबी सव्वा मीटरच्या आसपास जाते. एवढे ओझे हातात घेऊन डोंगर चढणे किंवा ओढा ओलांडणे कष्टाचे असते, म्हणून पट्टा. दुनळी बंदुकीत त्याची एक कडी नळ्यांच्या खालच्या बाजूस आणि दुसरी कुंद्याच्या खाली बसवलेली असते. कड्या नसलेल्या बंदुकीला नळीभोवती अडकणारे वेटोळे आणि कुंद्यावर चढणारी चामड्याची टोपी असा सुटा पट्टा लावता येतो. सुमारे एक ते सव्वा इंच रुंदीचा पट्टा खांद्यात रुतत नाही.

इंग्लंडमधील पारंपरिक दुनळी बंदुकांना बहुधा पट्ट्याच्या कड्या नसतात; जर्मनी आणि ऑस्ट्रियातील बंदुकांना मात्र त्या असतात. कारण शिकारीच्या पद्धतीत आहे. इंग्लंडमध्ये शिकारी एका जागी उभा राही आणि हाकेकरी पक्षी त्याच्याकडे उठवीत. मध्य युरोपात त्याला दिवसभर जंगल तुडवावे लागे.

आपल्याकडच्या संस्थानी शिकारीतही ओझ्याचा प्रश्न मालकाला पडत नसे. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान (१८६६–१९११) हे वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते आणि राजा दीनदयाळ यांनी त्यांच्या शिकारमोहिमांची छायाचित्रे टिपली. अशा मोहिमांत हत्ती, हाकेकरी आणि बंदुका वाहणारे सेवक यांचा ताफाच सोबत असे. रात्री एका हातात विजेरी घेऊन एकट्याने कुळागराची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला ही चैन नाही. पट्टा खऱ्या अर्थाने त्याच्या उपयोगाचा आहे.

लटकवण्याच्या पद्धती

नळी वर ठेवून बंदूक खांद्यामागे अडकवणे ही सर्वांत रूढ पद्धत. मोकळ्या वाटेवर ती सोयीची असते. झाडीत मात्र डोक्याच्या वर निघालेली नळी फांद्यांत अडकते, आणि धारक पुढे वाकला की नळीचे तोंड पुढे चालणाऱ्या सोबत्याकडे वळते.

नळी खाली ठेवल्यास पावसाचे पाणी आत शिरत नाही. परंतु बसताना किंवा चढावर नळीचे तोंड जमिनीला टेकून आत चिखल शिरू शकतो. अशा नळीतून बार काढल्यास ती फुटू शकते. शिवाय मागून येणाऱ्याचे पाय तिच्या रोखात येतात.

पाठीवर तिरपी टाकलेली बंदूक दोन्ही हात मोकळे ठेवते. चढणीसाठी ही पद्धत चांगली, पण बंदूक पूर्ण रिकामी असेल तरच.

गोळी झाडण्याच्या वेळी पट्ट्याचा लाभ नसतो. उडत्या किंवा पळत्या लक्ष्यामागे नळी फिरवताना लोंबता पट्टा झोका घेतो, झुडपात अडकतो आणि नेम बिघडवतो. म्हणून मोक्याच्या जागी पोहोचल्यावर तो काढून खिशात ठेवण्याची अनेकांची रीत आहे.

खटक्यावर भरवसा का नको

‘खटका लावलेला आहे’ असे म्हणून भरलेली बंदूक खांद्याला अडकवली जाते. पुष्कळशा दुनळी बंदुकांतला सुरक्षा खटका फक्त चाप अडवतो. आतला ताणलेला घोडा अडवत नाही. पट्टा घसरून बंदूक कातळावर आदळली, तर त्या हादऱ्याने घोडा सुटून बार उडू शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत धोका आणखी वाढतो. काटेरी फांदी घोड्यात अडकून तो मागे ओढला जातो आणि अर्ध्यावरून सुटून आपटतो.

यावर उपाय एकच. बंदूक खांद्याला अडकवण्यापूर्वी मोडून काडतुसे बाहेर काढावीत आणि नळ्या डोळ्यांनी तपासाव्यात. कुंपण किंवा ओढा ओलांडताना, वाहनात बसताना, मचाणावर चढतानाही हेच करावे. मचाणावर आधी माणसाने चढावे. रिकामी बंदूक नंतर दोरीने वर घ्यावी आणि त्या वेळी नळीचे तोंड ओढणाऱ्याकडे नसावे.

ठासणीच्या बंदुकीला हा उपाय पुरेसा लागू पडत नाही, कारण ती मोडून रिकामी करता येत नाही. तिची पेटवणारी टोपी काढून ठेवणे हे किमान पथ्य आहे. तरीही आत दारू आणि छर्रे असतातच, तेव्हा नळी भरलेलीच समजावी. गोवा आणि कोकणातील वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. शस्त्र अधिनियम, १९५९ ने पीकसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्याच बंदुकीची तरतूद केली आहे. ती अपुरी ठरते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते.

शहरातील नियम

रानातली ही सोय शहरात चालत नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी लांब नळीची बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या वेष्टनात, पूर्ण झाकलेली आणि धारकाच्या ताब्यात असली पाहिजे. हैदराबादेत कोठीजवळच्या गौलीगुड्यासारख्या गजबजलेल्या पेठेतून परवानाधारक चालला असेल, तर उघडी बंदूक पट्ट्याने खांद्याला लावणे हा नियमभंग ठरतो. पणजी किंवा म्हापशाच्या बाजारातही हाच नियम आहे. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत नेतानाही तो विसरू नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून हौसेच्या शिकारीचे परवाने बंद आहेत. उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्यासही वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गोव्याचा राज्यप्राणी असलेला गवा तर पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे.

निगा

पावसाळ्यात चामडे भिजून फुगते आणि शिवण कुजते. हंगामापूर्वी शिवण, छिद्रे आणि कड्यांचे स्क्रू तपासावेत. रिकामी बंदूक अडकवून पट्टा जोराने ओढून पाहावा आणि चिरलेला असल्यास बदलावा. नवा पट्टा मजबूत असला, तरी बंदूक खांद्याला लावण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी करावीच लागते.