ग्रेनेडाचे किनारे

प्रवासाच्या माहितीपत्रकांत ग्रेनेडा बेटाचे चित्र ठरून गेलेले असते. पांढरी वाळू, समुद्राकडे झुकलेले माड आणि तळ दिसावा असे निळे पाणी. हे चित्र खोटे नाही. राजधानी सेंट जॉर्जेसच्या दक्षिणेस ग्रँड आन्स नावाची पुळण आहे. ती सुमारे तीन किलोमीटर लांब असून तिच्यासारखी शांत पुळण कॅरिबियन समुद्रातही विरळाच. परंतु श्रोतेहो, याच वाळूवर २६ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेची हेलिकॉप्टरे उतरली आणि लगतच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना उचलून घेऊन गेली, हे माहितीपत्रकात नसते. या बेटाचा बहुतेक इतिहास किनाऱ्यांवर घडला आहे. तेव्हा स्नानासाठी जाणाऱ्याने तो ठाऊक करून घेऊनच पाण्यात उतरावे, असे मला वाटते.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेला हा देश शेजारची दोन लहान बेटे धरून अवघा ३४४ चौरस किलोमीटरांचा आहे. म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. वस्ती लाखाहून थोडी अधिक. कोलंबसाने १४९८ साली आपल्या तिसऱ्या सफरीत ते जहाजावरून पाहिले. युरोपीयांची कायमची वसाहत मात्र १६४९ साली झाली, ती फ्रेंचांची. पुढे १७६३ साली बेट इंग्रजांकडे गेले, १७७९ साली पुन्हा फ्रेंचांकडे आणि १७८३ च्या तहाने परत इंग्रजांकडे. सेंट जॉर्जेसच्या बंदरावरील किल्ला फ्रेंचांनी बांधला आणि नाव मिरवतो इंग्रज राजाचे. फोर्ट जॉर्जच्या तटावरून दिसणारे बंदर हे बेटावरील सर्वांत सुंदर दृश्य म्हणून दाखवितात, आणि ते तसे आहेही. परंतु त्याच किल्ल्याच्या चौकात १९ ऑक्टोबर १९८३ रोजी पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांचे सहकारी यांना त्यांच्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्यांच्या सैनिकांनी भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. अमेरिकेचे सैन्य सहा दिवसांनी आले. आज देशाच्या विमानतळाला बिशप यांचेच नाव आहे.

राजधानीतून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे प्रथम मोलिनिअरचा उपसागर लागतो. येथे पाण्याखाली मूर्ती मांडल्या आहेत. २००६ साली आरंभलेले हे काम इंग्रज शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांचे. त्यांतील हातांत हात घालून वर्तुळात उभी असलेली मुले पाहून अनेकांना गुलामांच्या जहाजांतून समुद्रात गेलेल्या आफ्रिकी माणसांची आठवण होते. शिल्पकाराच्या मनात ते नव्हते म्हणतात. पण पाहणाऱ्यांना तसे वाटले, हेही मला महत्त्वाचे वाटते.

पुढे ग्वाव हे कोळ्यांचे गाव. तेथे जायफळाची वखार आहे. श्रीखंडात आपण किसून घालतो ते जायफळ या देशाच्या ध्वजावर विराजमान झाले आहे. १८४३ च्या सुमारास पूर्वेकडील बेटांतून ते येथे आले आणि साऱ्या जगाच्या बाजारात ग्रेनेडाने मानाचे स्थान मिळविले. सप्टेंबर २००४ मधील ‘आयव्हन’ वादळाने एका दिवसात बहुतेक झाडे झोपविली. जायफळाला फळ धरावयास वर्षे लागतात. शेतकऱ्याची एक उमेद त्यातच गेली.

उत्तर टोकाला सोटर्स हे गाव आहे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘उडी घेणारे’. गावातील चर्चच्या पाठीमागे समुद्रावर तुटलेला कडा आहे. फ्रेंच सैनिकांनी कोंडीत पकडलेल्या मूळ रहिवाशांनी, सुमारे चाळीस जणांनी, शरण न जाता येथून समुद्रात उड्या घेतल्या, असे सांगतात. साल १६५१ चे. ही हकीकत लिहून ठेवली तीही फ्रेंचांनीच. उडी घेणाऱ्यांची बाजू लिहावयास कोणी उरले नाही.

येथून जवळच लेव्हेराच्या वाळूवर उन्हाळ्याच्या रात्री प्रचंड लेदरबॅक कासवे अंडी घालावयास येतात. ते पाहण्यासाठी लोक दुरून येतात. त्याच उत्तर किनाऱ्यावरील अर्विन्सच्या उपसागराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. आपण भारतीयांनी वळले पाहिजे.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि चार वर्षांनी प्रत्यक्षात. सुटलेली माणसे मळ्यांवर राबावयास राजी होईनात. मग मळेवाल्यांनी मजूर बाहेरून आणविले. ‘मेडस्टोन’ हे जहाज १ मे १८५७ रोजी अर्विन्सच्या उपसागरात लागले. करारावर सही अथवा अंगठा देऊन ३०४ माणसे भारतातून सुमारे तीन महिन्यांपूर्वी निघाली होती, उतरली २८७. कारकुनी पेशातल्या माझ्यासारख्याची नजर आधी या दोन आकड्यांवर जाते. मधली सतरा माणसे ग्रेनेडाला पोहोचलीच नाहीत. जे उतरले, त्यांच्या पाठीमागे नवव्या दिवशी मेरठला वणवा पेटला. ज्या राज्यसत्तेविरुद्ध तो पेटला, तिच्याच दुसऱ्या एका मळ्यात हे लोक त्या वेळी फावडे हाती घेत होते.

१८९० पर्यंत असे तीन हजार दोनशेंहून अधिक भारतीय येथे आले. परतले फार थोडे, शेकडा पंधराच्या आसपास. जे राहिले त्यांतील बहुतेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि भाषा दोन-तीन पिढ्यांत मावळली. आता १ मे हा तेथे भारतीय आगमनाचा दिवस म्हणूनही ओळखला जातो.

ग्रेनेडाचा राष्ट्रीय पदार्थ ‘ऑइल डाउन’ या नावाचा आहे. विलायती फणस, खारवलेले मांस आणि पालेभाजी नारळाच्या दुधात आटेपर्यंत शिजवितात. पुष्कळदा तो समुद्रकाठीच, मोठ्या पातेल्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून होतो. त्याला जो पिवळा रंग येतो तो हळदीचा. तिला ते लोक ‘सॅफ्रन’ म्हणतात, म्हणजे केशर.