चान्या : लाज कशाची, ज्ञान कशाचं?

चान्यांचा विषय निघाला की आपल्याच समाजात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "ते दिवस गेले, आता कशाला उकरून काढता?" दुसरा म्हणतो, "ती आपली खाद्यसंस्कृती, अभिमानाने सांगा." आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कडक उन्हात वाळवून केलेली साठवण. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशा खाण्याची नोंद केली आहे. पण मांस वाळवावं का लागलं? गावातलं मेलेलं जनावर ओढणं हे जातीने लादलेलं काम होतं. जनावर कधी मरेल ते कुणाच्या हाती नव्हतं. एका दिवशी मांसच मांस, नंतर कित्येक दिवस काहीच नाही. ऊन मात्र फुकट होतं. चान्या या सक्तीतून आल्या, हौसेतून नाही.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला बाबासाहेबांची परिषद झाली, १९५० मध्ये औरंगाबादेत त्यांचं महाविद्यालय उभं राहिलं, १९५६ ला धम्मदीक्षा झाली. या वाटेवर गावोगाव मृतमांस सुटलं आणि त्याच्यासोबत अनेक घरांतून चान्याही गेल्या.

मृतमांस सुटलं ते योग्यच झालं. त्यात स्वाभिमान होता, तसंच आरोग्यही होतं. काळपुळी झालेल्या जनावराचं मांस वाळवलं, मीठ लावलं, तरी त्या रोगाचे बीजाणू मरत नाहीत. आपल्या आज्यांकडे हे तपासायचं साधन नव्हतं, आणि नाही म्हणायची सोयही नव्हती. मात्र बाबासाहेबांनी नाकारली ती गुलामी. ओलावा काढला की मांस सडत नाही, हे आज्यांनी अनुभवाने मिळवलेलं ज्ञान त्या गुलामीचा भाग नव्हतं.

तेच ज्ञान आज विज्ञानाच्या कसोटीवर लावायला हवं. परवानाधारक दुकानातलं ताजं, चरबी काढलेलं मांस घ्यावं, कारण चरबी खवट होते. पट्ट्या अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. वाळवण्याआधी त्या आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापतील इतक्या उकळाव्यात. मराठवाड्याचं ऊन ओलावा काढतं, पण साल्मोनेलासारखे जंतू त्याने मरतील याची खात्री नसते. नंतर ५५ ते ६० अंशांवर यंत्रात वाळवणं सर्वांत भरवशाचं. उन्हात वाळवायचं तर जाळीखाली, कोरड्या हवेत, आणि खाण्याआधी पुन्हा नीट शिजवायचं. साठवण हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये.

नायट्रायटचं मीठ लागतं का? आधी उकळून पूर्ण वाळवलेल्या पातळ पट्ट्यांना ते लागत नाही. जाड तुकडे कमी आचेवर धुरवायचे असतील, तर बोटुलिझमचं विष तयार होऊ नये म्हणून ते वापरतात. तेही ६.२५ टक्के नायट्रायटचं मीठ, किलोला अडीच ग्रॅम, काट्यावर मोजून. ते चिमटीने घालायचं मीठ नव्हे. जास्त झालं तर जीवावर बेतू शकतं.

आजही ताटावरचा पहारा संपलेला नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला परवानगी आहे. काल मेलेलं जनावर खायला लावणारी व्यवस्था आज काय खाऊ नये ते सांगते. दोन्ही वेळा आपल्याला विचारलेलं नाही.

म्हणून लाज वाटायचीच असेल तर ती सक्ती करणाऱ्यांना वाटावी. आपण आजीला तिची पद्धत विचारून लिहून ठेवू, आणि ती सुरक्षित करून पुढच्या पिढीला देऊ. खायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. हे ठरवण्याचा हक्क हीच महाडची कमाई आहे.

जय भीम!